मैदान कुठंय?

अगं, लातूर जिल्हा नवाच झाला होता तेव्हाची गोष्ट. दुष्काळानं आमचं गाव पांगलं होतं. गावच्या हायस्कुलात नववीला आम्ही अकराच जण उरलो होतो, पण खो-खोची कॅप्टन मी होते. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेत मास्तर. खेळ म्हणजे उनाडक्या असं त्यांचं पक्कं मत. "तुझं गणित लई कच्चं हाय, लातूरच्या मोठ्या शाळेत घालतो," म्हणाले आणि मला ओढतच घेऊन गेले.

तिथले हेडमास्तर शाळेच्या निकालाचं कौतुक सांगत होते. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "सर, मैदान कुठंय?"

त्यांनी खिडकी उघडली. बाहेर नुसत्या पत्र्याच्या शेड.

"नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या बसल्यात तिथं. खेळाचा तास आम्ही फळ्यावर घेतो."

अण्णा ताडकन उभेच राहिले. "खो-खो? फळ्यावर?"

"नियम लिहून देतो ना. मार्क मिळतात."

अण्णांनी टेबलावरचा माझा दाखला उचलला आणि खिशात घातला. बाहेर आल्यावर मी घाबरत विचारलं, "अण्णा, काय झालं?"

"गणित मी घरी शिकवीन," ते म्हणाले. "मैदान कुठून आणू?"