रिह्याच्या घाटावरचा प्रयोग

एकपात्री करणाऱ्याला सगळ्यात अवघड जागा कुठली, असं मला विचाराल तर मी रिह्याचा दशक्रिया घाट सांगेन. आमच्या टेम्पोवाल्या दत्तोबाचा दहावा होता. माझ्या प्रत्येक प्रयोगाला हा विंगेत उभा, आणि पंच यायच्या आधीच मोठ्यानं हसायचा.

पिंडाला कावळा शिवेना. भावानं हात जोडले, "पोरांकडं मी बघतो." तरी नाहीच. शेवटी दर्भाचा कावळा करायची वेळ आली, तशा वहिनी माझ्याकडे वळल्या.

"तुमीच बोला काहीतरी. तो जावयाचा किस्सा त्यांना लई आवडायचा."

माईक नाही, समोर माना खाली घातलेला अख्खा गाव. मी सुरू केलं. सासऱ्यानं जावयाला औताला जुंपलं, तरी कुणी हललं नाही. ज्या वाक्याला दत्तोबा हसायचा, तिथं मी सवयीनं थांबलो.

आणि कावळा शिवला. लोक उठून चपला शोधायला लागले.

मी म्हटलं, "वहिनी, किस्स्याचा शेवट राहिला की."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "राहू द्या. त्यांना कुटं शेवटापर्यंत दम निघायचा?"