सोवळ्यातलं लाइफ जॅकेट

...नाही, पण मला एक सांगा, जॅकेट न्यायचं की नाही न्यायचं? एवढंच विचारलं होतं मी. हो म्हणा, नाही म्हणा, विषय संपला. पण तेरा मजल्यांचं जहाज, दीड हजार माणसं, त्यात गळ्यात पाट्या अडकवलेले निदान दोनशे कर्मचारी, आणि एकालाही नीट सांगता येऊ नये की गुरुजी, भोंगा झाला की कपाटातलं ते नारिंगी जॅकेट घेऊन या, किंवा नका आणू... हसताय काय? तुमचं बरंय, तुम्ही जमिनीवर बसलायत.

तुम्हाला सांगतो, लोकांचा एक फार मोठा गैरसमज आहे माझ्याबद्दल. मी दिवाकरगुरुजी, रामकुंडावर पूजा सांगतो, आमच्या सात पिढ्या गोदेकाठी गेल्या, तर लोकांना वाटतं हा पाण्यातला माणूस. कसला पाण्यातला? गुडघ्यापर्यंत! चाळीस वर्षं मी तिसऱ्या पायरीवर उभा राहून संकल्प सांगतोय. चौथ्या पायरीवर यजमान जातो, मी नाही जात. आठ वर्षांचा असताना एकदा गेलो होतो, तर शेवाळावरून पाय सटकला, डोक्यावरून पाणी, नाकात, कानात, सगळं हिरवं हिरवं दिसतंय, आणि वडिलांनी शेंडीला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून मी शेंडी जपली आणि चौथी पायरी सोडली. अशा माणसाला बोटीत बसवतात का?

पण बसवलं. आमच्या लेकीने, मंजुषाने. पुण्याला असते ती. माझी साठीशांत झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिने हातात पाकीट ठेवलं. "बाबा, आईला घेऊन क्रूझवर जा. मुंबई ते गोवा, तीन दिवस." मी म्हटलं, अगं, गोव्याला नाशिकहून रस्ता आहे, गाडी आहे, त्र्यंबक नाक्यावर बसलं की सकाळी गोवा. तर म्हणे, "बाबा, त्यात मजा नाही." म्हणजे बुडायची शक्यता असल्याशिवाय मजा येत नाही का हो? ती स्वतः येणार होती बरोबर, तर आदल्या दिवशी ऑफिसने तिची रजा रद्द केली, आणि तिने आमच्या हवाली केलं सईला. सई म्हणजे नात. वय वर्षं आठ. बरोबर माझ्या शेवाळाच्या वयाची.

तर आम्ही तिघं, मी, आमची अनसूया आणि सई, पोचलो खोलीत. खोलीला खिडकी, खिडकी उघडत नाही, आणि खिडकीबाहेर काय? पाणी. खाली पाणी, समोर पाणी, पार आभाळापर्यंत पाणी. आमच्याकडे कसंय, नदीला पाणी किती आलं ते दुतोंड्या मारुतीकडे बघून कळतं. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं की दुकानं उचलायची. एक हिशेब आहे. इथे समुद्रात मारुती कुठंय? पाणी वाढलं हे माणसाला कळायचं कशावरून? मी खोली दाखवायला आलेल्या पोऱ्याला विचारलंसुद्धा, तर तो म्हणाला, "सर, बफे इज ऑन डेक नाइन."

मग मी दाराच्या मागे बघितलं. तिथे एक तक्ता. तक्त्यात चित्र. चित्रात एक माणूस जॅकेट घालून जिना चढतोय. म्हटलं चला, शास्त्रार्थ मिळाला, जॅकेट न्यायचं. तेवढ्यात छतातून आवाज आला, इंग्रजीत, मग हिंदीत, की चार वाजता सुरक्षेचा सराव आहे, सात छोटे भोंगे आणि एक लांबलचक भोंगा होईल, सगळ्यांनी आपापल्या जमायच्या जागी या, आणि कृपया लाइफ जॅकेट खोलीतच ठेवा. आता? चित्र म्हणतंय न्या, आवाज म्हणतोय ठेवा. म्हणून टीव्ही लावला, तर टीव्हीतली बाई जॅकेट घालून दाखवतेय आणि हसतेय. मला सांगा, मग न्यायचं की नाही न्यायचं?

बाहेर मार्गिकेत एक मुलगी उभी होती, गणवेशात, छातीवर नाव तेजल. मी माझ्या हिंदीत सुरुवात केली तर ती म्हणाली, "काका, मराठीत बोला, मी देवळाली कॅम्पची." तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी यायचं राहिलं. देवळाली कॅम्प! वडील तोफखान्यात होते म्हणे. म्हटलं, बाळा, मग तूच सांग, न्यायचं की नाही?

"नाही काका. सरावाला नाही न्यायचं. तिकडे जमायच्या जागी जास्तीची ठेवलेली असतात."

"आणि खरंच बुडायला लागलो तर?"

"तर खोलीत असाल तर घेऊन यायचं."

"आणि खोलीत नसेन तर?"

"तर खोलीत परत जायचं नाही, सरळ जमायच्या जागी यायचं."

"म्हणजे न्यायचं पण आणि नाही पण?"

"काका, तुम्ही आधी पाणी प्या."

पाणी प्या! त्या क्षणी मला कोणी पाणी हा शब्दसुद्धा उच्चारायला नको होता.

परत खोलीत आलो आणि अनसूयेला सांगितलं की असे असे दोन पक्ष आहेत. ती अजिबात गांगरली नाही. आमच्या घरात याला उपाय ठरलेला आहे. पंचांगात स्मार्त आणि भागवत अशा लागोपाठ दोन एकादश्या आल्या की ती दोन्ही दिवस उपास धरते, कोणत्याही देवाने बोट दाखवायला नको. ती म्हणाली, "अहो, त्यात काय? तुम्ही जॅकेट घेऊन चला, मी नाही नेत. दोघांचंही म्हणणं राहील." छत्तीस वर्षांच्या संसारात मला तिचा एवढा आधार कधी वाटला नव्हता. पण त्याच तोंडाने ती पुढे म्हणाली, "आणा इकडे ते, आधी धुते."

मी म्हटलं, धुते म्हणजे?

"म्हणजे काय? कोणाकोणाच्या गळ्यात गेलं असेल. कोणाचा घाम, कोणाचं सुतक. आणि तुम्ही ते जानव्यावर घालणार?"

पूजा सांगणारा मीच. लोकांना सोवळं शिकवणारा मीच. घेऊन गेली ती जॅकेट न्हाणीघरात, तिथला तो फवारा सोडला वरून, साबण लावला, घासलं, पिळायला गेली तर पिळेना, आणि मी बाहेर सईला सात भोंगे कसे मोजायचे ते शिकवतोय, तेवढ्यात आतून तिचा आवाज, "अहो, हे डोळा मारतंय."

जाऊन बघतो तर जॅकेटच्या खांद्यावर एक इवलासा दिवा, आणि तो लुकलुक, लुकलुक, लुकलुक. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, जहाजात पाणी शिरलंय. माणसांना अजून कळलं नाही, पण जॅकेटला कळलं! मी दिवा दाबला, फुंकर मारली, रुमाल गुंडाळला, रुमालातून लुकलुक. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी भोंगा. एक. दोन. तीन. सई मोठ्यांदा मोजतेय, सातव्यापर्यंत माझ्या तोंडचा रामरक्षेचा पहिला श्लोकसुद्धा पुरा होईना, आणि मग तो आठवा, लांबच्या लांब, संपतच नाही.

घातलं जॅकेट. धोतरावर. ओलं, गार, पाठीवरून पाणी ठिबकतंय, खांद्यावर दिवा, आणि जिने चढत निघालो. जमायची जागा म्हणजे एक मोठं नाट्यगृह होतं हो, लाल खुर्च्या, आणि खुर्च्यांत तीन-चारशे माणसं आरामात बसलेली. कोणाच्या हातात सरबत, कोणाच्या हातात भजी. एकाच्याही अंगात जॅकेट नाही. दारात मी. नखशिखांत ठिबकणारा, लुकलुकणारा, पांढराफटक.

मग पुढच्या रांगेतले सुरतेचे एक गृहस्थ उभे राहिले, त्यांच्या बशीतली भजी खाली, आणि म्हणाले, "नीचे पानी आ गया क्या?"

झालं! बायका उठल्या, मुलं रडायला लागली, कोणी म्हणतंय ये अंकल भीग के आये हैं, कोणी म्हणतंय कौनसे माले तक आया, दहाबारा जण आपापल्या खोल्यांकडे जॅकेट आणायला धावले. आणि मी? मी विचार केला, एवढी माणसं पळतायत म्हणजे नक्कीच काहीतरी झालंय. हो ना, मला बघून ते घाबरले आणि त्यांना बघून मी. पाणी कुठपर्यंत आलं ते विचारायला समोर मारुतीही नाही!

आता एक खरं सांगतो, हसू नका. माझी भीती पंधरा आणे माझ्या स्वतःसाठीच होती, मी काही मोठा माणूस नाही. पण त्या गर्दीत सईने माझं धोतर घट्ट धरलं आणि वर बघितलं, आणि मला ते हिरवं पाणी दिसलं. तिला शेंडी नाही हो. दोन बारीक वेण्या. कोण धरणार, कशाला धरणार? माझ्या हातांनी ते जॅकेट कधी काढलं ते मलाच कळलं नाही. काढलं आणि तिच्या गळ्यात घातलं. गुडघ्याच्या खाली येत होतं तिच्या. मी उघडा पडलो, म्हणजे आता माझ्याजवळ काहीच नव्हतं, आणि चमत्कार बघा, क्षणभर अजिबात भीती वाटली नाही. माझ्या साठ वर्षांतलं एकमेव शौर्य! ते किती टिकलं? सईला त्या जॅकेटला लोंबणारी शिट्टी सापडेपर्यंत. तिने ती जी जीव खाऊन फुंकली, त्यासरशी उरलेलं नाट्यगृहही उठलं.

मग एक गोरापान अधिकारी ध्वनिक्षेपकावर ओरडला, बसा, बसा, हा फक्त सराव आहे, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाला, "सर, व्हाय आर यू वेट?" आता सोवळ्याला इंग्रजीत काय म्हणतात? मी म्हटलं, "रिलिजन." त्याने शेजारी यादीची वही घेऊन उभ्या असलेल्या तेजलकडे बघितलं. तेजलने माझ्याकडे बघितलं. मी अनसूयेकडे बघितलं. आणि अनसूया शांतपणे म्हणाली, "मी धुतलं. साबणाने."

तेजलने तोंडावर वही धरली. मग म्हणाली, "काकू, तो दिवा पाणी लागलं की आपोआप पेटतो. म्हणजे माणूस समुद्रात पडला की दिसावा म्हणून."

"बंद कधी होतो?"

"आठ तासांनी."

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. तेजलला तिची यादी पुरी करायची होती. "काकू, तुम्हाला पोहता येतं?" मी हसून सांगणार होतो, छे छे, आमच्यात कोणालाच नाही, तर अनसूया म्हणते, "येतं की. माहेरी देवळ्याला आमच्या मळ्यातल्या विहिरीत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. वरून उडी मारायचे." छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षं संसार केला आणि हे मला भर समुद्रात कळतंय. मी म्हटलं, अगं, कधी बोलली नाहीस? तर म्हणाली, "तुम्ही कधी चौथ्या पायरीवर आलात?"

तेजल पुढे विचारतेय, "आणि तुमच्यात मदत कोणाला लागेल?" तर अनसूयेचं बोट माझ्याकडे. ते मी समजू शकतो. पण सईचंही बोट माझ्याकडे.

तिथे लहान मुलांच्या मनगटाला एक पिवळी पट्टी बांधतात, जमायच्या जागेचं अक्षर आणि नाव असलेली, मूल हरवलं तर कुठे पोचवायचं ते कळावं म्हणून. तेजलने सईला एक बांधली. अनसूया म्हणाली, "यांनाही एक बांधा." मला वाटलं थट्टा. तर तेजल म्हणाली, "काका, हात पुढे करा." आणि मी केला हो. चाळीस वर्षं यजमानांच्या मनगटाला रक्षासूत्र बांधणारा मी, मुकाट्याने हात पुढे केला. बांधून झाल्यावर इतकं बरं वाटलं की काय सांगू.

ती पट्टी म्हणे उतरताना कात्रीने कापायची असते. मी कापली नाही. म्हणजे राहून गेलं. आता रामकुंडावर यजमान हाताकडे बघून विचारतात, गुरुजी, हे पिवळं कोणत्या देवस्थानचं? मी सांगतो, वरुणाचं आहे, कडक आहे, आणि तिसऱ्या पायरीवरूनच पुढचा मंत्र म्हणतो. जवळून वाचू देत नाही कोणाला. तिच्यावर वरती माझं नाव आहे, आणि खाली ओळ आहे, पालकाचं नाव : अनसूया.

आणि पालक म्हणतायत, दिवाळीनंतर लक्षद्वीपला जायचं. मी म्हटलं, जाऊ. फक्त आत्ताच विचारून ठेव, जॅकेट न्यायचं की नाही न्यायचं? तर म्हणते, "तुमचं मी घरूनच धुऊन नेणार आहे."