किल्ली गाडीतच असते

बस रे डेलमार, बस. टोपी काढ, कॉफी घे — तुझी पिकअप काही पळून — म्हणजे गेलीय, कळलं मला, दारातच सांगितलंस तू — पण दोन घोट कॉफी घेतलीस म्हणून ती आणखी लांब जाणार आहे का? नाही जाणार. तशी जाईलही म्हणा. पेट्रोल किती होतं टाकीत? — भरलेली? कालच भरलीस? नाही, नाही, चांगलंच आहे की, टाकी भरलेली असावी माणसाची, वासरं बाजाराला न्यायचे दिवस आहेत. साखर? तू साखर घेत नाहीस, माहीत आहे मला, तरी घातली बघ. थांब, दुसऱ्या कपात देतो. आणि खिडकीशी कशाला उभा राहतोस, रस्ता मी बघतोय ना — म्हणजे रस्त्याकडे कुणी बघायची गरजच नाही. तू बस.

तर तू म्हणतोस चोरी. आता शब्द बघ हं. चोरीला हेतू लागतो. मी कॉलेजात जन्मभर हेच शिकवलं — वस्तू जागची हलली म्हणजे चोरी झाली असं नाही, हलवणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघायचं. मुलं जांभया द्यायची. तूही दे, मला चालेल. पण विचार कर, कुणाला घाईची गरज पडली असेल, कुणाची गाय तारेत अडकली असेल. आपल्याकडे किल्ली गाडीतच ठेवतात ती कशासाठी? माळावरच्या गवताला आग लागली तर जो जवळ असेल त्याने गाडी काढावी, म्हणूनच ना? तुझ्या वडिलांनी ठेवली, तूही ठेवतोस. मी एकटाच उलटा. माझ्या प्रचाराच्या पाटीवर काय लिहिलंय? तुझ्याच कुंपणाला तर लावलीय — 'किल्ली काढा, घर सांभाळा.' हसला होतास ना लावताना? हसलाच होतास. सगळी काउंटी हसली. 'प्रोफेसर शेरिफ झाला तर आधी आपल्याच किल्ल्या जप्त करील' — खानावळीत कुठल्या टेबलावर कोण म्हणालं तेही माझ्या कानावर आलंय. पण मी नुसतं बोललो नाही, करून दाखवलं. माझ्या गाडीची किल्ली रोज काढतो आणि पिठाच्या डब्यात ठेवतो. पिठाच्याच का? असंच. चोर पिठात हात घालत नाहीत.

आर्डिस ना? वर आहे. झोपलीय. हळू बोल जरा — तू बोलतच नाहीस म्हणा, बोलतोय मीच. तिकडे काय बघतोस? तो खिळा होय. कोट धुवायला टाकलाय तिचा. — हो, लोकरीचा कोट कोण घरी धुतं, बरोबर आहे तुझं. तुझी नजर फार वाईट, डेलमार. कळपातलं एक वासरू कमी असलं तरी तुला फाटकातून कळतं, आणि मी इथे कोटाच्या थापा मारतोय.

बरं. ऐक मग. आर्डिस वर नाही. सकाळी मी दाढी करत होतो — चर्चच्या तळघरात आज पॅनकेकची न्याहारी आहे ना, तिथे माझं भाषण, 'सुरक्षित काउंटी' — तोंडाला फेस लावून दोनदा म्हणून पाहिलं, एक वाक्य जमेना, ते पुन्हा म्हटलं, आणि बाहेर येतो तर मागचं दार उघडं. गोठा पाहिला. गोठ्याआधी पवनचक्कीखालचं टाकं पाहिलं, खरं सांगतो, पहिल्यांदा टाकंच पाहिलं, काठीने ढवळून पाहिलं. मग तू कुरणातून येताना दिसलास, पायी. तू, आणि पायी! तेव्हाच उजेड पडला. माझ्या गाडीत किल्ली नव्हती. तुझ्या गाडीत होती.

अरे रागावू नकोस, लगेच सांगायला हवं होतं, मान्य. पण तू 'चोरी' म्हणालास आणि माझी जीभ आपोआप व्याख्येकडे वळली. जन्माची खोड. घर जळत असताना मी आधी आगीचे प्रकार सांगेन, असं लग्न झाल्यापासून आर्डिसच म्हणायची. म्हणायची म्हणजे — अजून म्हणते. एखाद्या दिवशी अगदी पहिल्यासारखी म्हणते, म्हणून तर फसायला होतं.

नाही, फोन नको. जरा थांब. मी विचार केलाय ह्याचा, म्हणजे करतोय. गाडी ती चांगली चालवते. शाळेची बस चालवली तिने ह्या रस्त्यांवर, बर्फात, वादळात, तुझी बहीण तिच्याच बसने जायची की. दिवसाचं नाव विसरते, माझंही विसरते कधी, पण हात विसरत नाहीत. आपण दोघं माझ्या गाडीने जाऊ, बसचाच रस्ता धरू, जुन्या शाळेपर्यंत सापडेल. कुणाला कळायला नको. डॉक्टरांनी मागच्या वेळी बजावलंय — एकदा जरी एकटी बाहेर पडली, आणि त्यातून चाक हातात घेतलं, तर घरी ठेवता येणार नाही, वृद्धाश्रमात न्या, तो कुलूपवाला विभाग असतो तिथे. कुठे, तर पार हमरस्त्यापलीकडे. तिथे खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. मी बघून आलोय. तिला सांगितलं नाही.

आणि निवडणूक, हो. निवडणूकही आहेच, नाही कशाला म्हणू. स्वतःची बायको सांभाळता येत नाही तो काउंटी काय सांभाळणार, असं कुणीही म्हणेल. मीच म्हणालो असतो. पण डेलमार, मी हौसेने उभा राहिलो का? ह्या वयात कमरेला पिस्तूल लावलं तर विजार खाली येईल माझी. मारलिसच्या मुलीचा पाय गेला म्हणून उभा राहिलो. क्लेटन शेरिफ, काउंटीचे सगळे पोलीस त्याच्या हाताखाली, आणि त्याचाच मावसभाऊ दारू पिऊन गाडी हाकायचा, तर क्लेटन काय करायचा? शेरिफच्या गाडीत घालून घरी सोडायचा. 'चल रे बाबा, झोप जा.' एकदा नाही, दोनदा नाही. कुठे लिहिलं नाही, कोर्टात नेलं नाही, सगळे म्हणायचे, आपला क्लेटन मनाचा मोठा. आणि मग एक दिवस त्याच मावसभावाच्या गाडीसमोर ती पोरगी आली, सायकलवर. कायदा माणूस बघून वागायला लागला की ज्याची ओळख नाही त्याचा पाय जातो — हे माझं वाक्य, टाळ्या मिळतात ह्याला. चूक आहे का ते? मला नाही वाटत चूक. सकाळपर्यंत तरी नव्हतं वाटत.

आता हे तुला सांगतोय, बाहेर बोलू नकोस. आर्डिसलाही त्यानेच आणलंय घरी. ह्याआधी ती पायीच जायची, कधी कालव्याकडे, एकदा पार दफनभूमीच्या फाटकापर्यंत, घरातल्या सपाता घालून. दर वेळी क्लेटन. पुढच्या दाराने कधी आला नाही, मागून यायचा. म्हणायचा, 'प्रोफेसर, तुमच्याकडे चुकून पाहुणी आलीय बघा.' तिला हात देऊन उतरवायचा. मी त्याच्या विरुद्ध अर्ज भरला त्याच आठवड्यात एकदा आणलं. कुठे लिहिलं नाही, डॉक्टरांना कळवलं नाही. आणि मी दुसऱ्या दिवशी शेतकी सभागृहात उभा राहून विचारलं, शेरिफची गाडी टॅक्सी आहे काय? कुणाला कुठे सोडलं, किती वेळ गेला, ह्याची नोंद नको काय? तो खालीच बघत होता. त्याने एक शब्द काढला असता तर मी तिथेच संपलो असतो. नाही काढला. मी घरी येऊन त्याचा राग केला, बोल. माझ्यावर उपकार केले म्हणून राग.

चूक की बरोबर मला ठरवता येत नाही, डेलमार. मावसभावाला घरी सोडणं चूक आणि आर्डिसला घरी सोडणं बरोबर, असं म्हणायला मला एक तत्त्व हवं, आणि ते सापडत नाही. रात्रंदिवस शोधतोय. तुला सुचलं तर सांग. तू नुसता कप फिरवतोयस. चल, उठ, निघू या, किल्ली काढतो — हे बघ, बाहीला पीठ लागलं.

काय? — बोल की. तू बोलायला तोंड उघडलंस की मला भीती वाटते.

शेरिफच्या कचेरीत फोन? कधी? इकडे यायच्या आधी? घरून? अरे मग मघापासून — नाही, तुझी काय चूक, गाडी गेली की माणूस फोन करणारच, तीच रीत आहे, मीच सांगत फिरतोय, ताबडतोब कळवा, आधी शेजाऱ्यांना विचारत बसू नका. माझ्याच पत्रकात आहे. म्हणजे त्यांना कळून बराच वेळ झाला. आणि चोरी म्हणूनच कळवलंस? गाडीचा क्रमांक देऊन?

थांब. मला आठवू दे, शेतकी सभागृहातल्या त्या सभेत मी नेमकं काय वदवून घेतलं क्लेटनकडून. तूही होतास, टाळ्या वाजवल्यास. 'चोरीच्या गाडीची खबर आली की ओळखपाळख बाजूला. मागून दोन गाड्या. अंतर राखायचं, बंदुका बाहेर, चालकाला ओरडून खाली उतरवायचं, गुडघ्यावर. शेरिफ, हो की नाही?' आणि क्लेटन म्हणाला, 'ठीक आहे, प्रोफेसर. तुमच्या म्हणण्याप्रमाणे.' त्याने लावलाही नियम, दुसऱ्याच दिवशी. मला केवढं बरं वाटलं! आणि त्याच्या हाताखालचे ते दोन नवे डेप्युटी, शहराकडचे, त्यांनी आर्डिसला कधी पाहिलेलं नाही. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, डेलमार. कुणी मागून ओरडलं तर ती वळून विचारेल, काय म्हणालात? वळून, आणि खिशात हात घालील. खिशात तिचा नेहमी रुमाल असतो.

फोन. सरक जरा. — क्लेटनचा खाजगी नंबर लागणार नाही, टेकड्यांत काहीच लागत नाही. कचेरीतच करावा लागेल, तिथे फोनवर बसते त्या मेव्हिसला. आणि मेव्हिस ते रेडिओवर सांगणार. आणि पोलिसांचा रेडिओ ह्या काउंटीत कुणाकडे नाही, सांग मला? प्रत्येक बाई स्वयंपाकघरात लावून ठेवते, भाजी चिरता चिरता शेजाऱ्याची भानगड ऐकते. माझ्याही फळीवर आहे, तू आलास तेव्हा आवाज कमी केला मी. चर्चच्या तळघरातही लावलेला असतो, पॅनकेक उलटणाऱ्यांच्या डोक्यावर. सगळे तिथेच असतील आत्ता. माझी वाट बघत.

तू का उठलास? धरलाय फोन मी, करतोय. बोटं — शून्यावर जातच नाहीत. तू दाब.

हॅलो? मेव्हिस? मी — हो, प्रोफेसर. नाही, न्याहारीचं नाही. ऐक, मध्ये बोलू नकोस. डेलमारची पिकअप चोरीला गेलेली नाही. आर्डिस चालवतेय. — हो, माझी आर्डिस. — नाही, तिचं डोकं ठिकाणावर नाही. बऱ्याच दिवसांपासून. मी लपवलं. जुन्या बसच्या रस्त्याने गेली असेल. त्यांना सांग, लगेच. — फोन नाही लागणार, माहीत आहे. रेडिओवर सांग. — हो, ऐकतील. ऐकू दे. नाव घेऊन सांग, मेव्हिस, अर्धवट सांगू नकोस, ते दोघं नवे आहेत.

डेलमार, आवाज वाढव. फळीवर, डाव्या हाताला. पूर्ण.

ऐकलंस? सांगतेय. माझं नाव ऐकायला कसं विचित्र वाटतं, दुसऱ्याच कुणाचं — हा क्लेटन. हा त्याचाच आवाज. काय म्हणाला? जुन्या दुधडेअरीच्या फाटकापाशी? उभी आहे? गाडी उभी आहे, दार उघडून बसलीय? बंदुका बाहेर काढल्यात का, ते विचार, मेव्हिस — काय? मला विचारतोय? पुढे काय करू, असं मला विचारतोय? टोमणा मारतोय का तो? नाही. तसा नाही वाटत.

मेव्हिस, त्याला म्हणावं, त्या दोघांना मागे गाडीत बसव. तू एकटा जा. उजवीकडून जा, डावीकडचं तिला ऐकू येत नाही. नेहमी जातोस तसा जा. जे नेहमी बोलतोस ते बोल. — नियम? हो, मीच लावायला लावला. मोड म्हणावं. मी सांगतो, मोड. आणि घरी आणलीस की लिही. वेळ, जागा, सगळं लिही, ह्या वेळी लिही. डॉक्टरांना पाठव. नाही, मला ठाऊक आहे त्याचं काय होईल ते. तरी लिही.

सांगितलं तिने? शब्द न् शब्द? तळघरातही गेलं असेल.

आता का थांबलं? रेडिओ बिघडला का? गाडीतून उतरला असेल, नाही का, माइक आतच राहिला असेल. चालत जात असेल तिच्याकडे. किती वेळ लागतो चालायला? मातीचा रस्ता आहे तिथे, खड्डे फार, मी बोललो होतो भाषणात, रस्त्यांबद्दलही एक परिच्छेद होता — मला वाटतं कदाचित — शू. ऐक. बोलू नकोस आता.

तू नाही रे. मी.