मेथीचा तंबू

मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक धनगर म्हातारा बायकोला मोबाईल दाखवत होता.

"हे बघ अंजना, घरात उभा करून भाजी पिकवायचा तंबू. आत दिवा हाय, पंखा हाय. बारा महिने मेथी!"

"अंगणात कावून न्हाई लावायची?"

"तुझी लाडकी शेळी ठिवती का? मुळासकट खाती."

"तंबूला चेन हाय का?"

"लई पक्की."

"कापड?"

"शेळीच्या बापाला फाटायचं न्हाई!"

"केवढा हाय म्हनं?"

"चार बाय चार. अख्खी शेळी मावंल."

"मंग शेळीच आत कोंडा. मेथी अंगणात लावू."

"अन् दिवा, पंखा?"

"दिवा ऱ्हाऊ द्या तिला. पंखा माझ्या चुलीपाशी लावा."