आज मशीन बंद

...नाही म्हणजे नाही, सर. आज बुधवार, बुधवारी मशीन बंद — पाटी वाचा की, तुमच्याच अक्षरातली आहे. ‘विरामवार’! काय शब्द काढलात हो, ऐकूनच माणसाला झोप लागावी. बादली खाली ठेवा, हात भरून येईल. ठेवा ठेवा. पहिल्यांदाच उतरलात ना तळघरात? मग बघून घ्या नीट — ही आपल्या वसाहतीची सामायिक धुलाईखोली, हे सामायिक मशीन, हा नळ, हा धुणं आपटायचा दगड, आणि ही मी, किल्लीवाली, तुमच्याच कमिटीनं नेमलेली. घराघरातली मशिनं काढून टाका, सगळ्यांत मिळून एक ठेवा, तेही एक दिवसाआड बंद — ठराव कुणी मांडला होता? मी?

अहो, कळतंय मला, वहिनींना झटका आलाय, अंग हलत नाही, चादरी भिजतात. सगळ्या जिन्याला कळलंय. वाईट वाटतं. पण नियम तो नियम, हे तुम्हीच शिकवलंत ना? वर हॉलमध्ये, पडद्यावर चित्रं लावून — वाढ, वाढ, वाढ, कुठवर वाढायचं, पृथ्वी काय रबराची आहे? डीग्रोथ म्हणालात, आता मागं वळायचं, कमीत भागवायचं. पटलं हो मला! अजूनही पटतं. लोकांच्या घरात माणसं दोन आणि वस्तूंमुळे पाय ठेवायला जागा नाही, हे काय मला दिसत नाही? पण कमी झालं काय काय, ते सांगा. तुमची मोटार गेली? नाही, व्याख्यानांना जावं लागतं. हॉलमधला एसी? छे, पाहुणे वक्ते घामेजतात. गेलं ते बायकांच्या हाताखालचं मशीन. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण — तुमच्यासाठीच केलीय ही म्हण.

आणि माझी धाकटी उभी राहिली होती त्या दिवशी. आठवते? दोन वेण्या, चष्मा. तिनं विचारलं, ‘सर, मग धुणार कोण?’ हॉल हसला. तुम्हीही हसलात, गोड हसलात, म्हणालात, ‘बाळ, थोडे श्रम सगळ्यांनी वाटून घ्यायचे.’ सगळ्यांनी! आमच्या घरात सासरे अंथरुणाला खिळलेले — दिवसातून कितीदा चादर बदलायची ह्याला काही धरबंध नव्हता. माझं मनगट गेलं, पिळताना कळ यायची ती थेट खांद्यात. मग धाकटी बसायला लागली ह्या दगडापाशी. नर्सिंगला जायचं होतं तिला, प्रवेश मिळाला होता हो, हातात आला होता! आधी पहिला तास बुडायचा, मग दुसरा, मग कॉलेजनं नावच काढून टाकलं. त्याच्या आधी ती आली होती तुमच्याकडे, कमिटीपुढं. म्हणाली, आमच्या घरी आजारी माणूस आहे, तेवढी सूट द्या, शिक्षण हा माझा मूलभूत हक्क आहे. आणि तुम्ही — मी दारात उभी होते, कानांनी ऐकलंय — चष्मा पुसत म्हणालात, ‘हक्क म्हणजे सुखसोयी नव्हेत. एक अपवाद केला की वाढीचं दार उघडलंच समजा.’ पोरगी घरी येईपर्यंत रडली नाही. घरी आल्यावर रडली.

कुठं असते आता? दुसऱ्या शहरात, एका हॉटेलच्या धुलाईत. मोठाली मशिनं आहेत म्हणे तिथं, खोलीएवढी — बटण दाबायचं आणि दिवसभर परक्यांच्या चादरी! एका घराच्या चादरींसाठी शिक्षण गेलं आणि आता... जाऊ द्या. ज्याचं जळतं त्याला कळतं. तुम्ही नाक कशाला मुरडताय? वास तुमच्याच बादलीचा आहे.

हात जोडू नका माझ्यापुढं. नाही चालवणार मी. अपवाद केला की दार उघडतं ना? शिवाय आत्ताच मशीनमधून बाळंतिणीचे कपडे काढलेत, ते अजून —

काय? काही नाही. काही म्हणाले नाही मी.

बरं, ऐकलंत तर ऐकलंत. हो, चालतं! लावा हात, गरम आहे अजून. बुधवार असो, शुक्रवार असो, ज्याच्या घरी दुखणं, बाळंतपण, परीक्षेला बसलेली पोर, त्याच्यासाठी मी किल्ली फिरवते. धाकटी गेली त्या दिवसापासून. अख्ख्या वसाहतीला ठाऊक आहे, एक तुम्ही सोडून. आणि मशीन बंद आहे ते फक्त तुमच्यासाठी! ह्या दिवसाची वाट बघत होते मी, सर. देवाशप्पथ. भांडी घासताना, जिना चढताना — आज ना उद्या हा माणूस बादली घेऊन येईल आणि मी म्हणेन, हक्क म्हणजे सुखसोयी नव्हेत. तोंडपाठ केलं होतं. आता म्हणतेय, तर... थांबा, ती वरची चादर दाखवा. निळ्या काठाची.

ओळखते मी ही. वहिनी यायच्या ना इथं, दर विरामवारी, तुमचे शर्ट घेऊन. ह्या दगडावर कॉलरी घासायच्या. माझं मनगट सुजलं की माझ्या सासऱ्यांच्या चादरी ओढून घ्यायच्या स्वतःकडे — हातात मोजे नाहीत, कपाळावर आठी नाही. तुम्हाला माहीत नव्हतं? मी म्हणायचे, सरांना सांगा की हो, पाणी गार असतं, हात बघा तुमचे. तर म्हणायच्या, ‘त्यांचं लिहिणं चाललंय, कशाला त्रास.’ सगळ्यांनी वाटून घ्यायचे श्रम त्या एकटीनं घेतले, सर, आणि तुम्ही पांढरेशुभ्र शर्ट घालून वर भाषणं केलीत.

सरका बाजूला. द्या चादरी इकडे. अभ्रे, गाऊन — टाकते मी, तुम्हाला नाही जमायचं. आभार मानू नका! तुमच्यावर उपकार नाही हा. पडल्या माणसाला कोरडी चादर लागते, त्याला सुखसोय म्हणत नाहीत. रोज आणा, कुठलाही वार असो. आणि ती पाटी जाताना स्वतःच्या हातानं काढा.

हे काय, खाली शर्ट? तुमचे? वा! बायकोच्या चादरींखाली लपवून आणलेत होय? अंहं. ते उचला. तो दगड, तो नळ, साबणाची वडी कोनाड्यात आहे. स्टूल नाही, ते माझं. उकिडवे बसा. बाह्या वर करा आधी. कॉलर आतून घासा — आतून! हां. आणि आता बोलू नका काही, मशीन सुरू झालंय, मला ऐकू येत नाही.