चला, पुढचे

नाही नाही, उठू नका डॉक्टर, फेस लावलाय आता — अर्ध्या फेसानं कुणी उठतं का? बॅग राहू द्या तिथेच आरशाखाली, तिला कोण नेतंय. मी बोलावलंय तुम्हाला, मान्य, सकाळी फोन मीच केला, 'आजच या, इंजेक्शन घेऊनच या' असं मीच म्हणालो, बायको शेजारी उभी होती म्हणून जरा ठासून म्हणालो — पण तुम्ही दारातून आत आलात, मी तुमची दाढी बघितली आणि म्हटलं, छे. अशा कामाला माणसानं असं येऊ नये. आमच्या मुकादमानं जन्मभर या खुर्चीतून उठणारी गुळगुळीत तोंडं बघितलीत, आणि शेवटी बघायचं ते असलं खुंट वाढलेलं? पटतंय ना? मान हलवू नका, वस्तरा आहे हातात. हो म्हणायचं असेल तर नुसते डोळे मिटा. — मिटले. झालं तर मग.

तसं आज बराच आहे म्हणा तो. आरशातून बघा, मागे खिडकीशी, पिंजऱ्यात, खालच्या दांडीवर. वरची दांडी काढली मी, पडायला लागला म्हणून. मग मधलीही काढली. आता ही तळापासून बोटभर, आणि खाली टॉवेलाची घडी — पडला तरी पडल्यासारखं वाटू नये. श्वास घेताना शेपूट वरखाली होते, ते तुम्ही म्हणाला होतात वाईट. पंखाखालची गाठ बोराएवढी होती ती सुपारीएवढी झाली, तेही वाईट, मला कळतं. पण डोळा बघा. डोळा अजून मुकादमाचाच आहे. पिसं गेली, हो. छातीवरची सगळी स्वतःच उपटली. सलूनमध्ये टकला पोपट, लोक हसतात. समोरचा चष्मेवाला म्हणतो, गिऱ्हाइकांचं डोकं साफ करतोस ते ठीक, पाखराला तरी सोडायचं होतंस. म्हटलं तुझ्याकडे आयुष्यभर येऊन कुणाला नीट दिसायला लागलंय, ते सांग आधी.

गाल फुगवा. हं.

मुकादम का? आता काय सांगू. एक गिऱ्हाईक पिंजरा घेऊन आलं, केस कापून घेतले, 'एक फोन करून येतो' म्हणून बाहेर गेलं — अजून बोलतंय बहुतेक. मी पिंजरा तिथे खिडकीशी ठेवला. आणि माझी सवय अशी, की एकाचं झालं की त्याच्या गळ्यातलं कापड काढायचं, दारात जाऊन फटकन झटकायचं, आणि म्हणायचं 'चला, पुढचे'. वडिलांची सवय, माझी सवय. हा बसून ऐकायचा. एक दिवस मी कापड झटकलं, फट्, आणि तोंड उघडणार तेवढ्यात खिडकीतून आवाज — 'चला, पुढचे'. माझ्याच आवाजात. बाकावरचा माणूस उठून खुर्चीत बसलासुद्धा. त्या दिवसापासून मी काही ते म्हटलं नाही. काम त्याचं. फट् झालं की तो म्हणणार, मग ते काहीही असो — एकानं दारात छत्री झटकली, फट्, 'चला, पुढचे', आणि खुर्चीतला माणूस, एका बाजूची मिशी काढलेला, सवयीनं उठून चालायला लागला. रस्ता ओलांडून गेला होता. चष्मेवाल्यानं परत पाठवला. मग काय म्हणणार याला? लोकांना उठवतो, बसवतो, स्वतः काडी हलवत नाही. मुकादमच.

वर बघा. आता गळा. इथे हलू नका बरं का, इथे जरा नाजूक काम आहे — तर मी काय म्हणत होतो, तुम्ही त्या दिवशी मला म्हणालात, याला मनापासून आवडणारी एक गोष्ट ठरवा, आणि ज्या दिवशी तो ती करणार नाही, त्या दिवशी मला बोलवा. चांगलं सांगितलंत. सोपं. बायको म्हणाली, मिरची. हिरव्या मिरचीवर जीव त्याचा. म्हटलं बरं, मिरची. आठवड्याभरात त्यानं मिरचीकडे पाठ फिरवली. मी म्हटलं, पित्त झालं असेल. बायको म्हणाली, पोपटाला? म्हटलं, वय झालं की सगळ्यांनाच होतं, मला नाही होत? मग तिनं माझी जी बिनपाण्याची केली — तिच्याकडे वस्तरा लागत नाही, जीभ पुरते. म्हणाली, तुम्ही त्याची परीक्षा घेत नाही आहात, त्याला कॉपी पुरवताय. मग मीच म्हटलं, मिरची सोड, खाणं कुणालाही सुटतं. त्याची खरी आवड म्हणजे हाक. ज्या दिवशी कापड झटकलं आणि 'चला, पुढचे' आलं नाही, त्या दिवशी डॉक्टर. शब्द दिला. तिच्या डोक्यावर हात ठेवून दिला.

झाली दाढी. बघा, माणसात आलात. — कुठे निघालात? मानेवरचे केस बघितलेत का? कॉलर खाली घेतोय मी. नुसती दाढी आणि मागे हे रान, म्हणजे चेहरा एकाचा आणि मान दुसऱ्याची. दोन मिनिटांचं काम आहे, कात्री लावतो नुसती. त्याला कुठे घाई आहे. म्हणजे — तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

बाहेर बाकावर ते बसलेत ना, टोपीवाले, ते मास्तर. शाळेतनं निवृत्त झाल्यापासून रोज येतात, पेपर वाचतात, महिन्याला एकदा केस कापतात. पण त्यांचं एक आहे, मी बोलावलेलं त्यांना चालत नाही. 'या मास्तर' म्हटलं तर म्हणतात, मुकादमाचा हुकूम येऊ दे, रांगेची शिस्त आहे. आता हुकूम काही येत नाही. चारजण त्यांच्या पुढून येऊन कापून गेले. मास्तर आहेत तिथेच. टोपीच्या खाली मागे बघा, बुचडा बांधता येईल एवढे केस झालेत. मी काय करू? मी त्यांना एवढंच सांगितलंय, पेपर वाचा पण उलटताना झटकायचा नाही. घडी घालून वाचा. फट् व्हायला नको.

नको म्हणजे — तसं नाही.

बरं, ओळखलंत. जनावरांचे डॉक्टर तुम्ही, न बोलणाऱ्याचं दुखणं ओळखता, मी तर बोलतोय. हो. मी कापड झटकतच नाही. हल्ली एकदाही झटकलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या गळ्यातून अलगद काढतो, चारी टोकं उचलतो, बाळाचं दुपटं उचलतो तसं, आणि मागच्या दारानं नेऊन हळूच सोडतो. झटकायचं नाही म्हणजे तो गप्प राहिला की नाही ते कळणारच नाही. कळलं नाही म्हणजे तो दिवस आलाच नाही. बरोबर आहे की नाही हिशोब? केस सगळे कापडातनं निघतच नाहीत मग, ते पुढच्याच्या कॉलरमध्ये जातात. लोक खाजवत घरी जातात. आज तुम्हीही खाजवणार, आधीच माफी मागतो. एकानं तोंडावर सांगितलं, तुझ्याकडून जाताना मी माझेच नाही, अजून तिघांचे केस घेऊन जातो. बायकोला कधी कळलं? पहिल्याच दिवशी. म्हणाली, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का? म्हटलं, हा पोपट आहे. तेवढंच सुचलं मला.

मान खाली. जरा अजून.

तुम्हाला वाटेल, एवढा मोठा माणूस, एका पाखरासाठी. मलाही वाटतं. पण तुम्ही दुपारी आलायत, बघा, दुकानात कोण आहे? कोपऱ्यावर ते नवीन काचेचं झालं, गारेगार, तिथे खुर्च्या झोपवतात म्हणे. पोरं तिकडे जातात. पूर्वी त्या बाकावर जागा मिळायची नाही. मग कमी झाले, मग अजून कमी झाले. पण याला काय कळतंय? एकाचं झालं, मी कापड झटकलं, बाकावर कुत्रंसुद्धा नाही, आणि हा छाती काढून म्हणायचा, 'चला, पुढचे'. आणि मी काय करायचो सांगू? मी वळून बघायचो. दर वेळी. वाटायचं, असेल कुणीतरी. खुर्ची पुसून ठेवायचो. आणि गंमत बघा, यायचं कुणीतरी, थोड्या वेळानं का होईना. आता तो गेला की मी कापड झटकणार आणि पुढे काहीच येणार नाही. त्याची भीती वाटते मला. बायकोला हे सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. आणि लोक म्हणतील ते वेगळंच — ज्याच्या हाकेवर दुकान चाललं त्याचाच यानं केसानं गळा कापला. — तुमचा नाही हो, हलू नका.

झालं. मालिश करू? नको? पाच मिनिटं, डोकं हलकं होईल, तुम्हालाही असल्या कामाचा ताण येत असेल. भुवया? नाकातले? — बरं. बरं, हात धरू नका. कळलं. काढतो कापड.

नाही, घडी नाही करत. शब्द दिलाय. दारात जातो आणि झटकतो, तुमच्यासमोर, आणि काय ते होऊ दे. म्हणाला तर तुम्ही बॅग उचलायची आणि जायचं, आणि मी तुम्हाला फोन करेपर्यंत यायचं नाही. मान्य? गप्प राहिला तर — तर मग तुम्ही आहातच. बाजूला व्हा जरा. हं.

— ऐकलंत? मीही नाही. थांबा. त्याला हल्ली वेळ लागतो. कानात मळ असेल, पित्तासारखं. थांबा ना. — नाही. नाहीच बोलला. बरं. म्हणजे ठरलं ते ठरलं. मी काही रडत वगैरे नाही, केस गेले डोळ्यात, झटकल्यावर जातातच —

म्हणाला. डॉक्टर, म्हणाला. तुम्ही ऐकलंत, साक्षीला आहात, अगदी साफ, 'चला, पुढचे', थोडं घोगरं पण अक्षर अक्षर. मी म्हटलं नव्हतं तुम्हाला? डोळा बघा म्हटलं होतं की नाही? उचला ती बॅग, आणि थांबा, चहा घेऊन जा, बायकोला सांगतो की —

कुठाय तो? दांडीवर नाही. टॉवेलवर आहे. पडला. बोलता बोलता पडला. बघा ना त्याची छाती कशी चाललीय, चोच मिटत नाही. उठायला बघतोय. अरे नको, राहू दे, पडून राहा. — डॉक्टर, तो परत चढायला बघतोय दांडीवर. एवढ्या दोन शब्दांना सगळा दम गेला त्याचा, आणि तरी चढतोय. का? तर मी कापड हातात धरून उभा आहे. मी परत झटकेन म्हणून. त्याला काय माहीत मी त्याची परीक्षा घेतोय. त्याला वाटतंय दुकान चालू आहे. ही त्याची आवड नव्हे हो. ड्युटी आहे ती. मी आवड म्हणून धरून बसलो, आणि तो आपला माझ्यासाठी मरत मरत कामावर येतोय. आणि मी त्याला सुट्टी देत नाही. बायको हेच म्हणत होती. शब्द वेगळे होते तिचे, पण हेच.

खाली ठेवा बॅग. उघडा.

नाही, ठरलं होतं ते मला माहीत आहे. म्हणाला तर आज नाही, असंच ठरलं होतं. पण काय म्हणाला तो? 'पुढचे' म्हणाला. आता पुढचे कोण, तुम्हीच बघा. तुमची दाढी झाली. मी काही खुर्चीत बसत नाही. मग राहिलं कोण? — ये रे. हळू. किती हलका झालायस. ये मुकादम, आयुष्यभर लोकांना बसवलंस, आज तू बस. कापड पसरतो खाली. हे धुतलेलं आहे डॉक्टर, यात कुणाचे केस नाहीत. मी धरतो त्याला, तुम्ही करा तुमचं. दुखणार नाही म्हणालात ना? — डोळे मिटलेत तुम्ही. बरं.

अं? कोण? नाही — मास्तर, नाही. आत नका येऊ. टोपी घाला परत. हो, बरोबर ऐकलंत, कान शाबूत आहेत तुमचे, हाक मारली त्यानं. पण ती तुमच्यासाठी नव्हती, मास्तर. आज नाही. उद्या या, उद्या मी स्वतः हाक मारीन, तेवढी चालवून घ्या. — जा आता. आणि दार हळू ओढा, आपटू नका. आवाज झाला की तो परत उठेल.