वाकायला सक्त मनाई

“मुलीला डिस्क आहे, आणि लग्नात लपवली” — हे मला ऐकवायचं नव्हतं, डॉक्टर, सासूबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, मी पलीकडे टॉवेल वाळत घालत होते — नाही, तिथे नाही दुखत. तिथेही नाही. दाबा तुम्ही, पण सापडायची नाही, कारण ती माझ्या पाठीत नाहीच — ती कृष्णविवराभोवती आहे.

असं बघू नका हो. माझं कामच ते. विवरात पडण्याआधी वायू त्याच्याभोवती गरगरत राहतो, त्याची चपटी तबकडी होते — तिला आम्ही डिस्क म्हणतो — आणि ती स्वतःशीच घासून तापते, उजळते. तिच्या कुठल्या कड्यातून किती उजेड निघेल, ते मी कॉम्प्युटरवर मांडते. तर आमच्या सरांना फोनवर म्हटलं, “डिस्क आत सरकलीय सर, म्हणून तर इतकी तापतेय” — आणि सासूबाई चहा घेऊन दारात. झालं. संध्याकाळपर्यंत माझी खुर्ची माळ्यावर आणि मी पलंगावर. नऊ दिवस. शुक्रवारी ते गणित पाठवायचंय, नाहीतर ते दुसऱ्या कुणाकडे जाईल, आणि मी छताकडे बघत पडलेय.

मग सांगितलं का नाही? सांगणारच होते — पण सासऱ्यांनी भांडी घासायला घेतली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने केर काढला, कोपऱ्यांसकट. आता अशा वेळी कोण तोंड उघडेल? आणि सासूबाई रोज पाठीला मलम चोळायच्या, चोळता चोळता बोलायच्या — त्यांचीही पाठ धरते, वीस वर्षं झाली, भांडी उचलताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात — कुणाला सांगायचं, म्हणाल्या. मी उशीत तोंड खुपसून ऐकत होते, धडधाकट.

तेव्हा एवढंच लिहून द्या, डॉक्टर — डिस्क आहे, बसायला हरकत नाही, वाकायला सक्त मनाई. खोटं कसं? आहेच की डिस्क. कुठे आहे ते लिहूच नका — तुम्ही पडद्याकडे का बघताय? — अगंबाई. पडद्याखाली सहा चपला. तिघंही.

“आई, मला काही झालेलं नाही. तुम्ही आत या आणि इथे पालथ्या झोपा. बाबा, माझी खुर्ची तेवढी खाली काढा — भांडी मात्र तुमच्याकडेच राहू द्यात.”